चिन्मयीची पहिली नोकरी

जरीपटका, नागपूर
९ जुलै २०२४

प्रिय यमुताई,
सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या भावजयीनं, मेघानं, तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय.

फोनच केला असता, पण तुझा फोन चिन्मयी उचलते. तिला नोकरी लागली म्हणून तू पेढे वाटलेस, आणि मी तुला नीट अभिनंदनही म्हणालो नाही.

आमच्या कंपनीत मालक वसंतराव, प्रोग्रामर अश्विन आणि हिशेब बघणारा मी, एवढेच. हिंगण्याच्या एका कारखान्यात विषारी वायू गळला की भोंगा वाजतो, ते सॉफ्टवेअर आमचं. भोंगा वाजला की काम बंद पडतं. म्हणून वायू बराच वाढल्यावरच तो वाजावा, असं कारखान्याला हवं होतं. अश्विन म्हणाला, "आत माणसं काम करून राहिली. मी नाही करत." त्यानं नोकरी सोडली.

त्याच्या जागेसाठी कामिनी नावाची अनुभवी बाई आली. तिनं विचारलं, "आधीचा काहून गेला?" वसंतरावांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. मग मला न विचारता चिन्मयीला बोलावलं. पोरगी हुशार आहे, म्हणून घेतली असेल, असं मला वाटलं.

काल मी त्यांना म्हणालो, "मी कारखाना निरीक्षकाकडे जाऊन राहिलो. मले हे लपवता येत नाही."

ते हसले. "जा ना गा. पण बदल तर तुही भाचीच करन. नाव तिचंच लागन."

ताई, तिला त्यांनी माझं तोंड बंद करायला घेतलंय. सोमवारी तिला पाठवू नकोस.

दुपार

सकाळी एवढं लिहून झालं आणि आत्ता चिन्मयीचा फोन आला. "मामा, सरांनी आजच हिंगण्याले बोलावलं! पहिलं काम झालं बी. एक आकडा तर बदलायचा होता."

मी ओरडलो, "तो पहिल्यासारखा कर वं! अन् बाहेर ये."

"काहून? थांबा, सर फोन मागून राहिले..."

तेव्हापासून फोन बंद आहे.

मी निरीक्षकाला कळवलंय. बदल कोणी केला ते त्यांनी विचारलं, आणि मी तिचं नाव सांगितलं, वसंतरावांचंही. आता अश्विनला घेऊन हिंगण्याला निघतोय. आत दुसऱ्या पाळीची माणसं गेली असतील. हे पत्र घेऊन मेघा तुझ्याकडे येतेय. तिला ठेवून घे, एकटी राहू नकोस.

तुझ्या लेकीचं नाव ज्यानं सांगितलं, तो तुझा भाऊ,
धम्मानंद