हातात येणारी कोंबडी

पिंपळगाव राजा, बुधवार, दिवेलागण

या घरात मले कोणी काही इचारत नाही. सुनीलनं, माह्या पोरानं, आज गौरीले पाळाले गिरिराज कोंबडी आणून देली. मोबाईलात पाहून निवडली म्हणे. "आई, ही जात लई गरीब. टोचत नाही, उडत नाही, मांडीवर बसते." बसते, खरंच बसते. शाळेतून आल्यापासून नात तिले घेऊनच बसली हाये. नावही ठेवलं.

मी गावरान घे म्हणत होती. ती टोचते, निंबावर चढते, हाती लागत नाही. म्हणूनच म्हणत होती. जवाई आले की आपल्या घरी कोंबडी कापतात, अन् जी हाती लागते तीच कापतात. इतकी वर्षं मीच धरत आली, मले ठाऊक नाही का? मांडीवर बसणारी पहिले जाते.

सुनील हसला. "हिले कोण कापते, आई? बाजारातून आणू." दरवेळेस हा हेच म्हणते अन् इसरते.

येत्या रविवारी जवाई येऊन राह्यले. गावरान दोन हायेत, पण मले आता त्यांच्यामांगं पळणं होत नाही.

आता गौरीच्या कोंबडीवर हात ठेवून पाह्यला. हललीसुद्धा नाही बाई. असं कसं वागावं कोंबडीनं?

जात सुनीलनं निवडली. रविवारी गौरीनं इचारलं, तर सुनीलनंच तिच्यापुढं बसून सांगावं. आजीकडं बोट दाखवाचं नाही.