मारिवोनचा तास

रेन, २४ जुलै १९७६

चि. रेनान यास,
अ. उ. आ. आणि सोबत एक कानउघाडणी, ती पुढे येतेच आहे.

रोझेन येत्या बुधवारी सकाळच्या गाडीने सां-मालोला पोहोचेल. सायकल मालडब्यात टाकेन, ती आठवणीने उतरवून घे. पोरगी पुस्तकात डोकं घालून बसली की तिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. तुझ्या बायकोसाठी, ओदीलसाठी खारं लोणी पाठवते आहे. या उन्हात त्याचं काय होईल ते देव जाणे, पण रिकाम्या हाताने पाठवणं माझ्याच्याने झालं नाही.

आता कानउघाडणी. माझ्या नवऱ्याची, एर्वानची बोट परत आली नाही तेव्हा रोझेन सहा वर्षांची होती. त्यानंतर मी तिला घोट्यापलीकडे समुद्रात जाऊ दिलेलं नाही, पोहायला शिकवलेलं नाही. त्यावरून तू मला किती टोचून बोलतोस! बोल बापडा. त्या वर्षी तू मला दवाखान्यातून उचलून आणलं नसतंस, समोर बसून चमच्याने सूप पाजलं नसतंस, तर टोचायला बहीण उरलीच नसती. म्हणून फक्त तुझ्या भरवशावर तिला पाठवते आहे. सप्टेंबरात ती ब्रेस्तला नर्सिंग शिकायला जाईल, मग माझी कुठली? सायकली चालवा, तंबू ठोका, हवं तितकं हुंदडा. माझी मुलगी तेवढी मला धड परत दे.

ओदीलला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे, म्हणून एवढं बोलते.
तुझी,
मारिवोन


फ्रेहेलजवळ, २ ऑगस्ट

तीर्थरूप ताईसाहेबांच्या सेवेशी,
बालक रेनानचा सायकलीवरूनच दंडवत. वि. वि. म्हणजे तिघेही जिवंत आहोत.

लोणी वितळून रोझेनच्या कादंबऱ्यांत शिरलं. ती आता पानं चाटून वाचते असं ओदीलचं म्हणणं आहे. आम्ही गोगलगाईच्या चालीने निघालो आहोत: सकाळी थोडं अंतर कापायचं, दुपारी झाडाखाली पाय पसरायचे, संध्याकाळी कुणाच्या तरी शेतात तंबू. पावसाचा थेंब नाही, गवत सगळं करपून गेलं आहे. काल एका शेतकऱ्याकडे पाणी मागितलं तर तो म्हणाला की विहीर आटली आहे, सफरचंदाची दारू, सिडर, चालेल का? आम्ही फार आढेवेढे घेतले नाहीत. पुढचा चढ सायकली हातात धरून चढलो.

ओदीलचा गुडघा कुरकुरतो आहे आणि गुडघ्याच्या वरची ओदीलही. ती आतल्या मुलखातली, शेतकऱ्याची लेक. समुद्र दिवसातून दोनदा उठून जातो आणि दोनदा परत येतो, हे तिला अजून पटलेलं नाही.

ताई, एक मागायचं आहे. तुझी लेक रोज संध्याकाळी वाळूच्या कडेला जाऊन बसते. हट्ट करत नाही, नुसती बसते. मला ते बघवत नाही. पुढच्या आठवड्यात उधाणाची मोठी ओहोटी आहे. तिला कोळंबी आणि शिंपल्या धरायला खडकांवर घेऊन जाऊ का? समुद्र मागे गेला की ती जमीनच असते गं, तूही तिच्यावरच वाढलीस. तू नाही म्हणालीस तर नेणार नाही, शब्द देतो. उत्तर पँपोलच्या पोस्टात पाठव, तिथे जाऊन घेईन.

राग नाकावर असेल तर तो पुसून लोभ करावा.
तुझा,
रेनान


रेन, ६ ऑगस्ट

चि. रेनान,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राने दोन रात्री माझी झोप खाल्ली. बापाचे डोळे आहेत तिला, म्हणून ती पाण्याकडे बघत बसते. आज सकाळी भांडी घासता घासता ठरवलं. ने तिला. पण माझी एक अट आहे, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही.

यंदा सरकारने सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलली आहेत आणि भरती-ओहोटीच्या पुस्तिका मात्र जुन्याच वेळेच्या छापल्या आहेत. तुला घड्याळ बघायची सवय नाही. नाक वर करायचं, वारा हुंगायचा आणि निघायचं, हे तुझं पंचांग. तसा वेळेआधी गेलास तर पाणी पुरतं उतरायच्या आतच माझ्या मुलीला घेऊन त्यात उतरशील. तेव्हा वेळ जिथे लिहिलेली दिसेल तिथे तिच्यात एक तास मिळवायचा आणि त्याप्रमाणेच जायचं-यायचं. तुझ्या नाकावर माझा विश्वास नाही. आयुष्यात एकदा तरी मोठ्या बहिणीचं ऐक.

कोळंबी उकडताना मीठ बेताने टाक. दर वेळी खारट करतोस.
काळजीत असलेली,
मारिवोन


पँपोलच्या अलीकडे, ११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोस्टात उभ्या उभ्या वाचलं आणि रोझेनच्या हातात दिलं. तिने तिथल्या कारकुनासमोर माझा मुका घेतला. कारकून वरमला, मी नाही.

इथे तांगीबाई म्हणून एका विधवा शेतकरणीच्या कुरणात तंबू ठोकला आहे. बाई भली आहे. गव्हाच्या घिरड्यांवर अंडं फोडून खाऊ घालते आणि नवऱ्याच्या जुन्या गोष्टी सांगून वसूल करते. फाटकावर तिने पाटी टांगली आहे, तिच्यावर रोज खडूने ओहोटीची वेळ लिहिते. उद्याची वेळ पाहिली, तुझा तास तिच्यात मिळवला, रोझेनने बोटांवर मोजून खात्री केली. खरं सांगू? माझं नाक थोडं वेगळंच म्हणत होतं. पण नाकाला उद्या सुट्टी. ओदीलनेही दम भरला आहे की ताईंना शब्द दिलाय तर पाळायचा. दोन बायकांपुढे मी काय बोलणार?

ओदील गुडघा शेकत तंबूत थांबेल. आम्ही दोघे खाडीपलीकडच्या खडकावर जाऊ, तिथे कोळंबी भरपूर आहे म्हणतात. माझे कमरेपर्यंतचे गमबूट तांगीबाईंच्या नवऱ्याचे, रोझेनची जाळीही त्याचीच. मेलेला माणूस एवढा उपयोगी पडलेला मी पाहिला नव्हता.

परवा सविस्तर लिहितो. तोवर माया पातळ होऊ देऊ नये.
आज्ञाधारक (लिहून ठेव),
रेनान


रेन, ३० ऑगस्ट

चि. ओदील हिला,
आशीर्वाद. कुशल विचारत नाही आणि कळवतही नाही.

मातीच्या दिवशी आपण दोघी एकमेकींशी बोललोच नाही. तू त्या बाजूला उभी, मी या बाजूला, मध्ये तो. तुला जवळ घ्यायला हवं होतं. हातच उचलले नाहीत बघ.

रोझेन परवा ब्रेस्तला जाईल. घरात असते, पण नसल्यासारखी. काही विचारलं की भांडी पुसायला लागते. मी जेवत नाही असं तिने शेजारणीला सांगितलं म्हणे. जेवते की, ताट वाढून घेते.

ओदील, एक गोष्ट मला रात्रंदिवस कुरतडते आहे. तास मिळवायचा तो विसरला असेल, तर ते लवकर गेले असते आणि लवकर परतले असते. फार तर पाय भिजले असते. आणि मिळवला असेल, तर वेळ बरोबरच होती. मग पाणी त्यांच्या पाठीमागून आलं कसं? मी किनाऱ्यावरची मुलगी आहे, मला उगाच काही सांगून वाटेला लावू नकोस. काय चुकलं आणि कुणाचं चुकलं, एवढं कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

उत्तराची वाट बघते.
मारिवोन


ब्रेस्त, १२ सप्टेंबर

प्रिय मामी,
सा. न. इथलं सगळं ठीक आहे. पांढरा कोट मिळाला, तो मला दोन माप मोठा आहे.

आईचं पत्र आलं. तुलाही तिने तेच विचारलं असणार. मामी, मी आता तिला सगळं सांगून टाकते. माझ्याने हे पोटात ठेववत नाही.

तुला तुकड्या तुकड्यांनी सांगितलं होतं, आज नीट लिहिते. धुकं उतरलं होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. टोपली भरली तेव्हाच मामा एकदा पाण्याकडे बघून म्हणाला की हे वळल्यासारखं वाटतंय, निघू या. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाला की नाही, मारिवोनचा तास अजून शिल्लक आहे, बस, पाव खाऊन घे. आम्ही पाव खाल्ला, मामी. निघालो तेव्हा मागची खाडी भरलेली होती. तिच्यात बोटींच्या खुणेसाठी एक खांब आहे, लोखंडी पायऱ्यांचा. मामाने मला खांद्यावर घेऊन तिथवर नेलं आणि वर ढकललं. त्याचे गमबूट पाण्याने भरले होते. त्याचा हात एकदा पायरीला लागला. पुढचं मला लिहिता येत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तांगीबाई रडत तुझ्याकडे आल्या, तेव्हा मी तंबूतच होते. पाहुण्यांचा गोंधळ नको म्हणून त्या पाटीवर तास आधीच मिळवून नवी वेळ लिहीत होत्या, हे मीही ऐकलं. आम्ही तो दुसऱ्यांदा मिळवला. त्याच्या नाकाप्रमाणे गेलो असतो तर तो आज असता. गावात लोक त्याला वेंधळा म्हणतात. तो वेंधळा नव्हता. त्याने आईचं ऐकलं.

तू हो म्हण, म्हणजे मी लिहिते.
तुझी,
रोझेन


सां-ब्रियो, १६ सप्टेंबर

चि. रोझेनला,
अ. उ. आ. माझं उत्तर नाही असं आहे. आधी राग राग कर, मग पुढचं वाच.

तुझे वडील गेले त्या सकाळी त्यांना बरं नव्हतं आणि तुझ्या आईने त्यांना हलवून उठवलं होतं, बोट चुकेल म्हणून. बस, एवढंच. त्या एवढ्यावरून तिने अन्न सोडलं. दवाखान्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तुला मी सांभाळत होते, म्हणून तुला ते दिसलं नाही. रेनान कामावरून सुटला की गाडी पकडून जायचा, तिच्यासमोर चमचा धरून बसायचा, शिव्या द्यायचा, गाणी म्हणायचा, पण एक वाटी संपल्याशिवाय उठायचा नाही. आता तिला हे कळलं तर काय होईल ते तूच सांग, तू नर्स होते आहेस. या वेळी चमचा धरायला रेनान नाही.

तांगीबाईंकडून मी वचन घेतलं आहे. शब्द पाळ म्हणून त्याला दम भरणारी मीही होते, हे विसरू नकोस. तुझ्या आईला उत्तर हवं आहे, ते मी देते. त्यासाठी तुझ्या मामाला थोडं वाईट ठरवावं लागेल. त्याला चाललं असतं. मला चालत नाही, पण माझं मी बघून घेईन.

कोट आत दुमडून शिवून घे. आईला दर आठवड्याला पत्र टाकत जा.
तुझी,
मामी


सां-ब्रियो, १७ सप्टेंबर

ती. मारिवोनताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रोझेनला पुन्हा छेडू नका, ती मामाची चाड ठेवून गप्प आहे.

वेळ बरोबर होती. तुमचा तास त्यांनी मिळवला होता. पाणी वळलं तेव्हा रोझेनने चला म्हटलं, पण यांना कपारीत शेवंड दिसला होता. कोळंबीच्या दहापट मोठा होता म्हणे. एवढा काढतो आणि निघतो, असं म्हणत राहिले. ती दोनदा बोलली, तिसऱ्यांदा रडकुंडीला आली. हे कपारीत हात घालून बसले ते बसलेच. तोवर खाडी भरली. तिला मात्र त्यांनी वर पोहोचवलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चूक कुणाची म्हणाल तर त्यांची. दुसऱ्या कुणाचीही नाही.

तब्येतीला जपा.
तुमची,
ओदील


रेन, ९ ऑक्टोबर

चि. ओदील,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी आधी बशी फोडली. मग बसून अख्खा पाव खाल्ला, लोणी लावून, रडत आणि त्याला शिव्या घालत. तेव्हापासून जेवते आहे. कालपासून शाळेच्या स्वयंपाकघरात कामावरही जायला लागले.

शेवंड! माझ्या पोटच्या पोरीला पाण्यात उभी करून शेवंड! लहानपणीही असाच होता. आईने हाका मारून घसा कोरडा करावा आणि याने खडकाच्या भोकात हात घालून बसावं. हावरा मेला. भिंतीवरचा त्याचा फोटो काढून ट्रंकेत टाकला आहे. सर्व संतांच्या दिवशी मी थडग्यावर येणार नाही. तुला वाईट वाटेल, पण माझ्याने होणार नाही. तो असता तर तोंडावर बोलले असते. आयुष्यात एकदा, फक्त एकदा माझं मनापासून ऐकलं असतं, तर आज तुझ्या घरात माणूस असतं.

मी फार कठोर बोलते आहे का? तू त्याची बायको, तुझ्यासमोर असं बोलू नये. चुकत असेन तर तसं लिही, मी ऐकेन.

तुझी,
मारिवोन


सां-ब्रियो, २८ ऑक्टोबर

ती. मारिवोनताईंना,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र पुष्कळ दिवस टेबलावर होतं. आज उत्तर देते.

तुम्ही चुकत नाही. हे तसेच होते. कुणाचं म्हणून ऐकायचे नाहीत.

सोमवारी, संतांच्या दिवशी, थडग्यावर येण्याची घाई करू नका. पांढऱ्या शेवंतीच्या दोन कुंड्या घेतल्या आहेत, मी एकटी जाऊन ठेवून येईन. तुमच्या नावाची वेगळी घेतलेली नाही. कामावर जाताना गरम कपडे घाला आणि दुपारचं जेवण टाळू नका.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, राग मात्र असाच असू द्यावा.
तुमची,
ओदील