बिजलीची भीती

धंतोली, नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. चंद्रभान काकाजींस,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन बंद असतो, म्हणून औषधाच्या दुकानात बसूनच हे पत्र लिहितो. आईचे गुडघे दुखतात, तरी पत्रिका वाटत फिरते. बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलं, तेव्हा माझ्या वरातीत तुम्ही हवेच. आई म्हणते की तो येत नाही गा, सोनिकाचं लग्न त्याच्या डोक्यातून गेलं नाही. सोनिकाताईच्या लग्नात फटाक्यांची लड लागली, तुम्ही जेवणाच्या टेबलाखाली शिरलात आणि लोक हसले, हे मी कोणाजवळ काढत नाही. इथे काढावं लागलं, क्षमा असावी.

सासरे वामनराव काटोलला संत्र्याचे व्यापारी आहेत. वरातीच्या स्वागताला त्यांनी भरपूर फटाके सांगून ठेवलेत. त्यांना काय सांगू, ते कळवा. तुम्ही राहता त्या माजी सैनिकांच्या शिबिरात घोड्यांमुळे मनाला शांती मिळते, असं ऐकतो. मिळाली का?

लोभ आहेच; तो लग्नाला येण्याइतका वाढावा.

आपला,
प्रीतम


घोड्यांचं शिबिर, काटोल रोड
८ नोव्हेंबर

चि. प्रीतम यास अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. हिंमतही नाही. सासऱ्याशी काय बोलू, हे काकाला विचारणारा नवरदेव मी पहिल्यांदाच पाहून राहिलो.

शांतीचं म्हणशील, तर इथल्या डॉक्टर मॅडम सांगतात की घोडीच्या मानेवर हात ठेवा, डोळे मिटा, मन मोकळं करा. आमच्या पलटणीत खेचरं होती. त्यांच्यापुढे डोळे मिटले असते तर दात मोकळे झाले असते. शनिवारी पाहुणे येतात, आमचे फोटो काढतात, देश तुमचा ऋणी आहे म्हणतात आणि समोसे खाऊन जातात. लीद उचलायला कोणी थांबत नाही.

माझ्या वाट्याला बिजली आली. नाव बिजली, चाल बैलगाडीची. आधी वरातीत चालायची. म्हातारी झाली तशी मालकानं इथे आणून सोडली. ती मला काही विचारत नाही. तिला खरारा करतो तेवढा वेळ डोक्यातला गलका बंद असतो. हे मॅडमला सांगत नाही, लगेच फोटो काढतील.

लग्नाला येत नाही. टेबलं पुरणार नाहीत.

वहिनीला नमस्कार. माया आहे, ती दुरूनच गोड मानून घे.

चंद्रभान


धंतोली
१५ नोव्हेंबर

ती. काकाजींस,
सा. न. वि. वि.

काम झालं. मी काटोलला गेलो, पण बोलायच्या वेळी घामच फुटला. वामनरावांनी विचारलं, काहून गा जावई, तब्येत बरी नाही का. मी सांगून टाकलं की वरातीसाठी काकाजी घोडी आणणार आहेत, ती फटाक्यांना फार भिते आणि उधळली तर मी पडेन. चहा संपायच्या आत त्यांनी फटाके रद्द केले. म्हणाले, मुक्या जनावराले त्रास कशाला. मिनल, म्हणजे तुमची होणारी सून, आतून म्हणाली की घोडीपेक्षा नवरदेवच जास्त घाबरलेला दिसते.

तेव्हा बिजलीला घेऊन अवश्य यावं. लोभ राखावा, राग नको.

प्रीतम


काटोल रोड
२० नोव्हेंबर

चि. प्रीतम यास अ. उ. आ.

काकासाठी तुझं तोंड उघडलं नाही, घोडीसाठी उघडलं. अरे, बिजलीनं अर्धं आयुष्य वरातीत काढलं. पोटाखाली सुतळी बॉम्ब फुटला तरी ती चघळणं थांबवत नाही.

तुला तरी काय बोलू. दिवाळीत मीही इथे हेच सांगितलं होतं, की बिजली घाबरते म्हणून तिच्याजवळ थांबतो. आज तुझं पत्र खिशात ठेवून खरारा करत होतो. तिनं मान वळवून पाहिलं, आणि मला तिच्याकडे पाहवेना. आता एकाच घोडीमागे आपण दोघं लपून राहिलो.

म्हणून वामनरावांना पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं, घोडी भीत नाही, मी भितो. फटाके लावाल तर येणार नाही, नाही लावाल तर येईन. कार्ड उघडं आहे, अर्धं काटोल वाचेल. वाचू दे.

चिडलास तरी लोभ सोडू नको.

चंद्रभान


धंतोली
२६ नोव्हेंबर

ती. काकाजींस,
सा. न. वि. वि.

लग्न मोडतं की काय, या काळजीनं मला जेवण गेलं नाही. वामनरावांनी बोलावून घेतलं आणि बाजारात चार लोकांसमोर तुमचं कार्ड वाचलं. एक दलाल हसला. त्याच्याकडून त्यांनी लग्नाची पत्रिका परत मागितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, घोडीचं खोटं सांगता आलं तुले, काकाचं खरं सांगता नाही आलं का गा.

त्यांचा निरोप असा : फटाके नाहीत. घोडीही नाही, खोटं बोलला म्हणून जावई पायी येईल. काकानं त्याचा हात धरून आणावं, नाहीतर तो वाटेतूनच परत जाईल.

याल ना? लोभाला आता सगळं काटोल साक्षी आहे.

प्रीतम


काटोल रोड
३० नोव्हेंबर

चि. प्रीतम यास अ. उ. आ.

येतो. हात धरीन. वाटेत थरथरला, तर दोघांपैकी कोणाचा, हे लोकांना कळणार नाही.

चंद्रभान