हे म्हणतात, सिलोनला जाऊ

३ ऑगस्ट १९५८

ह्यांचं डोकं फिरलं! सिलोनला जायचं म्हणतात. मिलमधून रिटायर झाले, हिंगणघाटात करमत नाही — म्हणून एकदम समुद्रापार! अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा. दीक्षा घेतली तेव्हापासून मनात होतं म्हणे. मला आज कळलं, तेही वांगी चिरताना.

"कोणाच्या संगं?" विचारलं.

"कोणाच्या काऊन? आपले आपण जाऊ."

दीक्षेला नागपूरला गेलो, तो आमचा सगळ्यात लांबचा प्रवास. तिथंही हे गर्दीत हरवले होते. मीच शोधून आणलं.

१० ऑगस्ट

बेत ठरला. म्हणजे ह्यांनी ठरवला. थर्ड क्लासनं मद्रास, तिथून धनुष्कोडी, पुढे बोट. नागपूरला भेटलेल्या एका भन्तेंनी सांगितलं, अनुराधपूरला यात्रेकरूंना राहायला फुकट जागा मिळते. खाण्यापिण्याचं काय? "सातूचं पीठ नेऊ. पीठ आपलं, पाय आपले, खर्च कायचा?" आणि दळणार कोण?

शेजारच्या यशोदाबाई भिंतीवरून — "लंकेत काऊन चालल्या वो मास्तरीणबाई? रावणाचं गाव ते!"

मलाही मुळीच जायचं नाही. शाळा बरी, घर बरं.

२ सप्टेंबर

पासपोर्टसाठी वर्ध्याला गेलो. कारकुनानं ह्यांची जन्मतारीख विचारली.

"पऱ्हाटी फुटली तवा झालो, असं माय सांगे."

"कोणत्या सालचा कापूस?"

शेवटी कारकुनानंच एक तारीख दिली. हे खूश — "पाय, दोन वर्सानं लहान झालो!" माझी तारीख शाळेच्या कागदावर आहे. खोटी आहे, पण आहे.

फोटोही काढले. दोघंही चोर दिसतो.

१९ ऑक्टोबर

चौकशीला पोलीस आला. अख्खी गल्ली दारात, ह्यांच्याबद्दल विचारायला! "नानाजीनं काय केलं जी?" पोलिसानं चहा घेतला, सिलोनहून लवंगा आणायला सांगितल्या, गेला. झाली चौकशी.

८ नोव्हेंबर

हेडमास्तर प्रभाकररावांनी ऑफिसात बोलावलं. त्यांची मंडळी रामेश्वरला निघाली आहेत. म्हणाले, "भागीरथाबाई, तुम्ही एकटे कुठे धडपडता? आमच्याबरोबर चला. भाडं आम्ही देऊ. सामान सांभाळा, गाडीत जागा धरा, एवढंच." मग आवाज खाली आणून — "स्वयंपाक नाही करावा लागणार हं. तो आमच्या बायका करतील."

केवढी मेहेरबानी! कोणाच्या हातचं कोण खात नाही, ते काय मला कळत नाही? रागानं बोलले असते तर बरं होतं. माणूस मनापासून हसत होता. आपण उपकार करतो आहोत असंच वाटत होतं त्याला.

घरी सांगितलं. वाटलं, हे पेटून उठतील. हे म्हणाले, "रामेश्वरपासून बोट लई दूर नाई. भाडं वाचते. इचार करू."

विचार करू!

"अजी, त्यांच्या पेट्या उचलून मी बुद्धाले भेटाले जाऊ काय?" एवढंच म्हटलं आणि चुलीकडे गेले.

९ नोव्हेंबर

प्रभाकररावांना नाही म्हणून सांगून आले. ते चकित झाले. आता जायचंच.

१४ डिसेंबर

दोघांचेही पासपोर्ट आले. दवाखान्यात पटकीची सुई टोचून घेतली. हे रांगेत माझ्या पुढे होते, माझा नंबर आला तेव्हा मागे होते. कसे, कोणी पाहिलं नाही.

आता सगळं उलटंच झालंय. सातू मी दळते, गाड्यांच्या वेळा मी पाठ करते. आणि हे विचारतात, "बोट लई हालते काय?" म्हटलं, मी काय रोज जाते?

७ जानेवारी १९५९

हिंगणघाटाहून गाडीत बसलो. यशोदाबाई स्टेशनपर्यंत आल्या, रडल्या. "येजो वो बाई वापस!" ह्यांनी खिडकी धरली, ती बल्लारशापर्यंत सोडली नाही. डब्यात एक बाई विचारत होती, कोणत्या मंडळीबरोबर चाललात? म्हटलं, आमचीच मंडळी. दोघांची.

१० जानेवारी, धनुष्कोडी

समुद्र! हे काय लिहायचं! आमची वेणा नदी भर पुरात पाहिली आहे, पण तिला पलीकडचा काठ असतो. मी पायातल्या चपला काढून पाण्यात उभी राहिले, लुगडं भिजलं, हसू येत राहिलं. हे दूर वाळूत, ट्रंकेवर बसून. बोलावलं तर आले नाहीत. "एवढं पाणी काऊन असते वो?" एवढंच म्हणाले. बोटीला वेळ आहे म्हणून लिहिते आहे.

त्याच दिवशी, तलाईमन्नार

हे बोटीत चढले नाहीत. चढायच्या फळीवर एक पाय ठेवला, काढून घेतला. "माह्याच्यानं नाई होत, भागीरथा. तू जाय. मी अठीच बसतो." मागची माणसं ओरडत होती. भोंगा झाला. मी गेले.

पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या साहेबानं मोडक्या हिंदीत विचारलं, "साथ में कौन है?"

"कोई नहीं," म्हटलं. पासपोर्ट घेतला आणि पुढे झाले.