मशीन थंडच होतं

११ मार्च

प्रिय दादा,

सादर नमस्कार. तू, वहिनी आणि छकुली मजेत असाल. मी बरी आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

चौदा महिने तुझे फोन टाळले आणि आता एकदम पत्र, म्हणून चक्रावशील. तुझा फोन आला की तो आईच्या हाती देऊन मी न्हाणीघरात शिरते. कामाचा रेटा होता, असं समज.

आधी लॅबच्या बातम्या. चिपा थंड ठेवणारं तुझं मशीन आता एक हातमोजेवाला नवा तंत्रज्ञ सांभाळतो. पंप धापा टाकायला लागला की तो पुस्तिका उघडतो. तू नुसता कान लावायचास. तुझ्या स्टुलावर रिकामी खोकी रचली आहेत.

मोठी बातमी म्हणजे आमचा शोधनिबंध मागे घेतला. तोच, ज्याच्या जोरावर सर वर्षभर व्यासपीठं गाजवत होते. क्वांटम संगणकासाठीच्या आमच्या चिपवरचा क्यूबिट, म्हणजे त्यातला माहितीचा कण, इतरांच्या दहापट वेळ टिकतो, असा दावा होता. दुसऱ्या दोन लॅबनी तशीच चिप बनवली, तर दहापट सोडाच, तो नेहमीइतकाही टिकेना. मग त्यांनी आमची मूळ मोजणी मागितली. चाळीस चिपांपैकी आम्ही सहाच दाखवल्या होत्या. उरलेल्या चौतीस 'मशीन नीट थंड नव्हतं' म्हणून वगळलेल्या.

तुला यात नवीन काय? भर बैठकीत तूच म्हणाला होतास, "सर, मशीन थंडच आहे. गरम तुमचा आकडा आहे." सगळे हसले. सरही हसले. सर हसले की कुणाचं तरी रडणं ठरलेलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आठ दिवसांत तुझ्यावर ठपका आला: तंत्रज्ञाची हेळसांड, त्यामुळे तापमान वरखाली, चौतीस मोजण्या वाया. त्या संध्याकाळी तू घरी आलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. "तुझ्या कानावर काही आलं होतं का गं?" तू विचारलंस.

"मला कोण सांगणार?" मी म्हणाले.

ठपक्याच्या त्या कागदाखाली एका साक्षीदाराची सही होती. तुला ती कधी दाखवली नाही. पुढचं वाक्य मी तीनदा खोडलं आहे. सही माझी होती, दादा.

सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "सोमवारी तुझी कायम जागेची मुलाखत. समितीत मीच आहे," म्हणाले. "आणि तुझा भाऊ काय, हरहुन्नरी माणूस. कुठेही पोट भरेल." मी कागद पूर्ण वाचला आणि सही केली. बाहेर येऊन चहा घेतला, बिस्किटंही खाल्ली.

सोमवारी नोकरी कायम झाली. तू म्हणालास, "चला, घरात एकाचं तरी बस्तान बसलं." मनापासून म्हणालास. त्यानंतर तुझ्याशी बोलायला मला तोंड राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात चौकशी समितीने मशीनची स्वतःची नोंद उघडली. मशीन दर मिनिटाला आपलं तापमान लिहून ठेवतं, हे सर विसरले होते. मी विसरले नव्हते. त्या सगळ्या दिवसांत काटा जागचा हललेला नाही.

गुरुवारी मला बोलावलं आणि मी सगळं सांगितलं. समितीतल्या बाईंनी विचारलं, "आज बोलायचा धीर कसा झाला?"

"धीर नाही झाला. नोंद सापडली," मी म्हणाले. तुझ्यापाशी तरी खोटा मोठेपणा नको.

सरांना सल्लागार केलंय. खुर्ची तीच, मजला वरचा. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत. तू निर्दोष असल्याचं पत्र तुला येईल. "मग त्याला परत घेणार ना?" मी विचारलं. "जागा भरली आहे," असं उत्तर मिळालं. तू तिकडे परगावी शीतगृहात भाज्यांच्या खोल्या थंड ठेवतोस आणि काही बिघडलं की पहिला संशय तुझ्यावरच घेतात, असं आई सांगत होती. सांगताना रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी!

तिला अजून काही बोलले नाही. शनिवारी सांगणार आहे. त्या दिवशी तिला फोन करू नकोस. केलास तर तू माझीच बाजू घेशील, आणि ते मला सोसवणार नाही.

'उत्तर नाही आलं तरी चालेल' असं लिहिणार होते. चालणार नाही. शिव्या घाल, पण लिही.

तुझ्या पाठची