पायातलं नवं हाड

प्रिय ताई,

वाकून नमस्कार लिहिते आहे, पण वाकायची परवानगी अजून दोन महिने नाही.

दुसरं ऑपरेशन नीट झालं. नडगीच्या मोडलेल्या हाडात वर्षभर फट राहिली होती ना, तिथे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रोटीनमध्ये भिजवलेला स्पंज बसवला आहे. ते प्रोटीन शरीराकडून नवं हाड तयार करून घेतं म्हणे. अट एकच, त्या पायावर भार टाकायचा नाही, म्हणून वाकणंही बंद.

आणि मी काय करावं? सोमवारी मोठे डॉक्टर खोलीत आले आणि मी ताडकन उभी राहिले. कॉन्व्हेंट शाळेत मुख्याध्यापिका मदर वर्गात आल्या की आपण उभ्या राहायचो, अगदी तशी. डॉक्टरांचा चेहरा उतरला. “बाई, खाली बसा. माझ्यासाठी उभ्या राहाल तर जन्मभर बसून राहाल.”

लगेच एक्स-रे काढला. आतलं काही हललं असतं, तर पाय वाचवायला दुसरा उपाय उरला नसता. पण हललं नाही. उलट त्या फटीत पिंजलेल्या कापसासारखं पुसट पांढरं दिसलं. तेच नवं हाड.

आईला नव्या हाडाचं तेवढं सांग, उभं राहिल्याचं नको. ती जेवते ना नीट? तुझा गुडघा कसा आहे? इथे यायची घाई करू नकोस, माझं बरं चाललं आहे. फक्त थकले आहे गं. या वयात अंगात काही नवीन होतंय, याचंच नवल वाटतं.

आता दारावर टकटक झाली, की मी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसते.

तुझीच,
धाकटी