पन्नासच्या आतला काटा

२ फेब्रुवारी १९८९
आक्काला परभणीला सोडून आलो. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग तीन महिने लेकीकडे, हेमाकडे मुक्काम. डॉक्टरांनी धूळ आणि ऊन बंद सांगितलंय. निघताना माझा हात धरून म्हणाली, "काशी, भुईमूग तुझ्या हवाली. सटवाजीचं ऐकत जा."
हसू आलं. मी बी.एस्सी. फिजिक्स. ताडकळसला अकरा वर्षं सायन्स शिकवतोय. सटवाजी तिचा सालगडी, अंगठाबहाद्दर. दाजी गेल्यावर आक्का आमच्याकडे राहायला आली आणि शेजारची स्वतःची दोन एकरं एकटीच कसते. पाणी कधी द्यायचं ते पायानं माती दाबून ठरवते. पायानं! यंदा सायन्स काय असतं ते दाखवून देणार. संकल्प.

९ फेब्रुवारी
यंत्र आलं! टेन्सिओमीटर. पुण्याच्या प्रदर्शनात बघितल्यापासून मनात होतं. पाण्यानं भरलेली नळी, बुडाला सच्छिद्र टोपी, वर घड्याळासारखी डायल. माती सुकली की काटा चढतो. शून्य म्हणजे चिखल, पन्नास झाले की पाणी द्यायचं. वावराच्या मधोमध पुरलं. शेजारचे किशनराव बांधावरून म्हणाले, "मास्तर, रानाला थर्मामीटर लावायलात का?" सविस्तर समजावून सांगितलं. मध्येच तंबाखू मळायला लागले.

२० फेब्रुवारी
काटा ५८! सटवाजीला फैलावर घेतलं. काटा पन्नासच्या पुढं जाता कामा नये, गेला तर तुझी खैर नाही. "बरं मास्तर," म्हणाला. माणूस मठ्ठ आहे, पण आज्ञाधारक.

२३ फेब्रुवारी
काल कॅनॉलची पाळी होती. पाणी घेतलं. काटा ६. आक्काला कार्ड टाकलं : पीक उत्तम, काळजी नसावी.

११ मार्च
पाटकरी भगवानराव दारात. कॅनॉलच्या पाळ्या यांच्या हातात. उद्या तुमची पाळी, म्हणाले. मी नुकताच डायल बघून आलो होतो. सतरा दिवस झाले तरी काटा २२! म्हटलं, गरज नाही.
"आवो, आऱ्या धरायचा टाइम हाय. आत्ता पानी नको म्हनतंय का कोनी?"
(आऱ्या म्हणजे फुलातून मातीत शिरणारे देठ. त्यांच्याच टोकाला शेंग धरते. मला हे सांगायची गरज नव्हती.) पाळी नको असं कागदावर लिहून सही करून दिली. पुढेमागे रेकॉर्ड लागेल. अंबिकेला म्हटलं, एका सहीनं दोन एकरांचं पाणी वाचवलं. ती म्हणाली, "वाचलं कुठं? किशनरावांनी घेतलं."
बायकोला सायन्सची आवड लावायची राहिली.

१७ मार्च
दुपारी पानं मिटलेली दिसली. अंबिका म्हणते, पीक पाणी मागायलंय. काटा १९. म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही. मग उरलं काय? नत्र. उपाय : युरिया.
सटवाजी म्हणाला, "मास्तर, रान भेगाळलंय. बोट जायलंय आत."
काट्याला विचार, म्हटलं. काटा किती?
"काटा लय बेस हाय."
मग झालं तर.

१९ मार्च
युरिया एक गोणी. स्वतः फेकला. हाताची आग.

२६ मार्च
पानांच्या कडा करपल्या. हल्ली युरियात भेसळ फार. काटा १८. जगात एवढी स्थिर गोष्ट दुसरी नसेल.

३० मार्च
भगवानरावांकडे पाळी मागायला गेलो. यंत्राविषयी शंका आली म्हणून नव्हे, जादा खबरदारी. ते म्हणाले, कॅनॉल वर फुटलाय, दुरुस्ती आहे, महिनाभर थेंब मिळणार नाही. माझ्या सहीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. परत मागितला. दिला नाही.

३ एप्रिल, सकाळी ६.३०
शाळेआधी वावरात गेलो. सटवाजी खांद्यावर घागर घेऊन आला. नळीच्या बुडाशी हळूहळू ओतली. गेला, दुसरी आणली. तीही तिथंच ओतली. मग धोतराच्या सोग्यानं डायल पुसली.
विचारलं, हे कधीपासून?
"तुमी बोललात तवापासून. रोज दोन घागरी. एक दिस चुकवला न्हाई."
आणि बाकीचं रान?
"तुमी काटा सांभाळ म्हनलात. रानाचं मी तीनदा सांगितलं, तर म्हनलात, काट्याला इचार."
यंत्राभोवती पाच हात हिरवंगार. बाकी सगळं कळकट पिवळं. भेगेत बोट घातलं. मनगटापर्यंत हात गेला.

तोच दिवस, शाळेत, १०.१५
म्हणजे यंत्र बरोबरच होतं. जिथं पुरलं तिथली माती त्यानं खरी सांगितली. हे कोणी लक्षात घेणार नाही.
नववी ब ला तास घेतला. कशावर घेतला ते आठवत नाही.

५ एप्रिल
बैलगाडीवर दोन ड्रम बांधले. किशनरावांनी विहिरीवरून पाणी न्या म्हटलं, वर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी, अंबिका, सटवाजी. दिवसभरात चार ओळी भिजल्या. एकूण ओळी दोनशे दहा. गणित केलं : शेवटची ओळ २७ मेला भिजेल. तोवर पहिली पन्नासदा वाळेल. तरीही उद्यापासून जोमानं. संकल्प.

६ एप्रिल
पाठ धरली. दोन ओळी.

१० एप्रिल
आक्काचं पत्र, अक्षर हेमाचं. डोळा साफ झाला, भिंतीवरचं कॅलेंडर दिसायलंय, पण मन लागेना. आधी माझा भुईमूग बघायचाय, लिहिलंय.
लगेच उत्तर लिहायला घेतलं. घाई नको. इकडं धूळ फार आहे. पीक – या शब्दापाशी अर्धा तास बसलो. शेवटी 'आहे' लिहिलं.

२० एप्रिल
आक्का आज येणार होती. रास्ता रोकोमुळे परभणीची एसटी दिवसभर बंद. एकदम हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत लाज वाटली. मग पुन्हा हलकं वाटलं.

३० एप्रिल
आली. काळा चष्मा. स्टँडवरून घरी न येता थेट वावरात. मी मागोमाग. सगळं पाठ केलं होतं : हवामान, कॅनॉल, युरिया, सटवाजी. क्रमानं सांगितलं. तिनं एक झाड उपटलं. आऱ्या सुकल्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या, मातीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. दुसरं उपटलं. तिसरं. मी बोलतच होतो.
तिनं चष्मा काढला नाही. म्हणाली, "रडाया बी येईना रं काशी. डोळ्यात पानी आनू नका म्हनलेत डॉक्टर."
मग सटवाजीला म्हणाली, तू जेवलास का?
मला नाही विचारलं.

१६ मे
रान काढलं. यंत्राभोवतीच्या शेंगा एक टोपलं, भरदार. बाकी दोन एकरांचं मिळून दुसरं टोपलं, पोचट. वेल जनावरांना. आक्काला म्हटलं, पुढच्या वर्षी एकाऐवजी चार यंत्रं लावली तर – वाक्य पुरं केलं नाही. ती पोचट शेंगांतून एक-एक भरली शेंग निवडत होती.

२३ मे
आक्का आठवडाभर किशनरावांच्या रानात शेंगा तोडायला जातेय. वाट्यानं. दहा टोपली तोडली की एक तिचं. वर्षाचं बी नि तेल त्यातच भागवायचं. ज्या बांधावरून ती मालकीण म्हणून हाक मारायची, तोच ओलांडून पलीकडे जाते. आज मला सहन झालं नाही. म्हटलं, शाळेला सुट्टी आहे, उद्या मी येतो.
"पाचला निघावं लागतंय."
साडेचारला तयार असेन, म्हटलं. अलार्म लावला. जुना शर्ट काढून ठेवला. माझ्या एकट्याच्या हातून रोज तीन टोपली सहज व्हावीत. तीन आठवड्यांत सगळं भरून निघेल.

२४ मे, सकाळी ८.४०
उठलो. आक्का केव्हाच रानात गेलेली. अंबिकाही तिच्याबरोबर गेली. अलार्म त्यांनीच बंद केला असावा. मला ऐकू आला नाही.
चुलीपाशी भाकरी झाकून ठेवली होती. सोबत शेंगदाण्याची चटणी, ताजी, किशनरावांकडच्या वाट्याची.
खाल्ली.